वेगळ्या वहीतले शब्द

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्ही एवढ्या चांगल्या मार्कांनी एम.ए. झाल्या, मंग इथं काहून आल्या?" घंटा झाली होती. मी तिला वर्गात पाठवलं. उत्तर मोठं होतं, आणि ते मी आजवर कोणालाच क्रमाने सांगितलेलं नाही. आता सांगते.

विद्यापीठात जाताना माझ्या पेटीत काय काय होतं ते मला आजही पाठ आहे. यादी मीच केली होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवली होती. चार पातळं, एक सतरंजी, पितळेचा तांब्या, इंग्रजीचा जाड कोश आणि बाबांनी स्वतः शिवलेल्या सहा कोऱ्या वह्या. बाबा कळंबला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मराठी घेऊन शिकलीस तर माझ्यासारखी होशील, इंग्रजी घेऊन शिकलीस तर माझ्या साहेबासारखी होशील, एवढं त्यांचं साधं गणित होतं. मला ते पटलं होतं.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी आठवीत होते. विद्यापीठाच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात मी ते लिहिलं आणि जातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. लिपिकाने चष्म्यावरून पाहिलं.

"इथं काहीतरी लिहावं लागतं."

"रेघ लिहिली आहे," मी म्हटलं.

त्याने अर्ज ठेवून घेतला. मला वाटलं, हे काम झालं.

विभाग इंग्रजीचा, पण त्याच वर्षी तिथे भाषाविज्ञानाचे दोन पेपर नव्याने सुरू झाले होते. ते शिकवणारे सर परदेशातून शिकून आले होते. पातळ आवाज, स्वच्छ हात, खडू धरताना करंगळी वर. त्यांच्या पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातात कागदाची एक अरुंद पट्टी दिली. ती ओठांसमोर धरायची आणि इंग्रजी शब्द म्हणायचे. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला श्वासाच्या झोताने पट्टी हलली पाहिजे. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलींच्या पट्ट्या फडफडत होत्या. माझी ढिम्म होती. मी ती पट्टी खोलीवर घेऊन गेले आणि आरशासमोर पंधरा दिवस बसले. माझे चुकणारे इंग्रजी ध्वनी मी वहीत लिहून काढले, एकोणीस निघाले. जे जमले ते खोडत गेले. दिवाळीपर्यंत सहा उरले होते.

मराठीचीही तीच गत होती. भोजनगृहात पहिल्या आठवड्यात मी "मले भात नको" म्हटलं आणि समोरच्या बाकावरच्या तिघी ताटात बघून हसल्या. त्यानंतर मी 'मला' म्हणू लागले. 'करून राह्यले'चं 'करते आहे' केलं. माझ्या खोलीत राहणारी मुलगी मात्र हसली नव्हती. ती शहरातली, वकिलाची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिचं इंग्रजी ऐकलं की रेडिओ लावल्यासारखं वाटे. रात्री ती माझ्याकडून जुन्या इंग्रजीचे धडे समजावून घ्यायची आणि मी तिच्याकडून उच्चार. व्यवहार बरोबरीचा होता.

एकदा तासाला सरांनी एक कोडं घातलं आणि उत्तर सांगून टाकलं. मला ते पटलं नाही. तोंडातून सुटलं, "काहून?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते माझ्या बाकाजवळ आले.

"पुन्हा म्हणा."

मी मान खाली घातली.

"लाजू नका. कुठल्या तुम्ही?"

"कळंबची. यवतमाळ जिल्हा."

"घरी असंच बोलता? आईशी, आजीशी?"

"हो सर."

"गुरुवारी चार वाजता माझ्या खोलीत या."

गुरुवारी त्यांनी मला खुर्ची दिली आणि बशीतून नव्हे, कपातून चहा दिला. आजवर कुठल्याही शिक्षकाने मला समोरच्या खुर्चीत बसवलं नव्हतं. ते म्हणाले, बोला, काहीही बोला. मी घरचं बोलत राहिले आणि ते जाड कागदाच्या कार्डांवर लिहीत राहिले. मग त्यांनी मलाही कार्ड करायला शिकवलं. वर शब्द, उच्चारलिपीत. त्याखाली तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, जसंच्या तसं. कधी विचारायचं नाही की याला काय म्हणतात. माणसाला बोलू द्यायचं, शब्द आपोआप येतो. एका कार्डावर एकच शब्द. चुकलं तर खोडायचं नाही, नवं कार्ड घ्यायचं. मला हे काम इतकं आवडलं की सांगता येत नाही. मी लहानपणापासून याद्या करत, टिपून ठेवत आले होते, त्याला एक शास्त्र होतं, हे मला तिथे कळलं.

सरांच्या कार्डांवर वर उजव्या कोपऱ्यात एक आकडा असे. माझ्याशी बोलताना केलेल्या प्रत्येक कार्डावर तीन. मला वाटलं, खोक्याचा क्रमांक असेल.

दोन गुरुवार, चार गुरुवार, वर्षभर असं चाललं. मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचं, वस्तीचं, मुकुटबनला राहणाऱ्या माझ्या मोठ्या मायचं. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती विधवा होती, वस्तीतली सुईण होती आणि तिच्या जिभेला धार होती. सर तिच्या गोष्टींना खळखळून हसायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते म्हणाले, "एम.ए.नंतर विभागात संशोधनाची एक जागा होते आहे. एकच. या बोलीवर काम करायचं."

मी कप खाली ठेवला.

"माझा विचार होईल का, सर?"

"तुमच्याशिवाय कोणाचा? अशी कार्डं इथे दुसरं कोण करतं? फक्त सुट्टीत भरपूर साहित्य आणा."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं होतं. अजून आहे.

सुट्टीत मी कळंबला दोन दिवस राहून मुकुटबनला गेले. शेवटचा टप्पा बंडीने. मोठी माय ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती.

"आली का व इंग्रजीची मास्तरीन? पाणी पेशीन का चहाच लागते आता तुले?"

"पाणी दे."

"दे म्हनते! मले वाटलं, वाटर म्हनशीन."

मी तिच्याजवळ बसले आणि कार्डं काढली. ती बोलत होती, मी लिहीत होते. थोड्या वेळाने तिचं सूप थांबलं.

"काय लिवून राह्यली तू मघापासून?"

"तू बोलतेस ते."

"माहं बोलनं? मी काय साहेब हाओ? शेजारनीले शिव्या देल्ल्या थ्या बी लिवल्या का?"

"लिहिल्या."

"बाप्पा! मंग नीट लिव. एक राह्यली, थे बी घाल."

आठ दिवसांत दोनशेवर कार्डं झाली. शेतीचे शब्द, बाळंतपणाचे, दुखण्याखुपण्याचे, स्वयंपाकाचे. मी ती विषयवार लावली, दोऱ्याने बांधली. मग सरांचं पत्र आलं.

पत्र चांगलं होतं. कामाची स्तुती होती. पुढे लिहिलं होतं की सामान्य शब्द कुठेही मिळतात; खरं महत्त्व तुमच्या समाजाच्या जुन्या कामांच्या आणि जुन्या देवकार्याच्या शब्दांना आहे. ते एका पिढीत नाहीसे होतील. ते तुमच्याशिवाय कोणाला मिळणार नाहीत. त्या शब्दांवर जागेचं बरंचसं ठरेल.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. छप्पननंतर मुकुटबनच्या आमच्या वस्तीने देव नदीत सोडले तेव्हा बैठक घेऊन काही शब्दही सोडले होते. गावाने ज्या नावांनी आम्हाला हाका मारल्या ती नावं. जी कामं आमच्यावर लादली होती त्या कामांचे, त्यातल्या हत्यारांचे, त्याबद्दल मिळणाऱ्या वाट्याचे शब्द. जुन्या देवीच्या शपथा. हे कोणी उच्चारायचे नाहीत असं ठरलं. ज्याच्या तोंडून जाईल त्याने विहिरीवरून दोन घागरी आणून बैठकीच्या जागेजवळच्या पिंपळाच्या रोपाला घालायच्या. सुरुवातीला सगळेच घागरी वाहत होते. मोठी माय म्हणायची, "आमच्या चुकाइवरच जगला थो पिंपळ." सात-आठ वर्षांत चुका थांबल्या. माझ्यानंतरच्या पोरांना ते शब्द माहीतही नव्हते. मलाही अर्धेच आठवत होते. आणि बायकांमध्ये हा नियम पाळून घेणारी होती मोठी मायच.

पत्र घेऊन मी दिवसभर घुटमळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला विचारलं.

तिने सूप बाजूला ठेवलं.

"थे शब्द? थे कायले पाह्यजेत तुह्या सरले?"

"नाहीसे होतील म्हणतात. कागदावर राहावेत."

"होऊ दे न नाहीसे. त्याच्यासाठीच तर सोडले आपन."

"अभ्यासासाठी गं. आपल्यावर काय काय लादलं होतं, त्याचा पुरावा राहील."

हे मी आयत्या वेळी जुळवलं होतं. तिला ते कळलं की नाही मला माहीत नाही.

"हे देल्ले तर तुले थे जागा भेटन का?"

"भेटेल."

"नक्की?"

"सर स्वतः म्हणाले."

"मंग आयक. दुसरी वही घे. या कार्डाइत नको मिसळू. तू अन् तुहा सर, बस. तिसऱ्याच्या कानावर गेलं तर मी या गावात तोंड कसं दाखवू? बायाइले दटावनारी मीच."

"नाव कुठेच घालणार नाही. गावही नाही."

"माह्या गळ्याची आन?"

"आन."

तिने दार लोटलं. दोन दुपारी बसून तिने मला एकेचाळीस शब्द दिले. ती हळू बोलत होती. प्रत्येक शब्दानंतर दाराकडे बघत होती. एक शब्द तर तिने आवाजच न काढता नुसत्या ओठांनी सांगितला. मी ओठांवरून लिहिला. ते शब्द मी इथेही लिहिणार नाही. निघताना तिने माझ्या पिशवीत तुरीची डाळ घातली आणि म्हणाली, "आता खुर्चीत बसूनच ये."

वेगळ्या वहीतले शब्द मी कार्डांवर उतरवले. सांगणाऱ्याची जागा कोरी, गावाची जागा कोरी. मी समजत होते की कोरी जागा म्हणजे कुलूप. खरं तर सरांना मी वर्षभर चहाबरोबर सगळं सांगून बसले होते. कोरी जागा भरायला त्यांना फक्त पेन उघडायचं होतं.

सरांनी एकेचाळीस कार्डं दोनदा पाहिली. "उत्तम," म्हणाले, आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

"सर, ही फक्त तुमच्यापुरती आहेत. मी घरी तसं कबूल केलंय."

"अर्थात," ते म्हणाले.

दुसरं वर्ष मी झपाटल्यासारखं अभ्यासात घातलं. निकालात विभागात दुसरी आले. खोलीसोबती चौथी. बाबांनी कळंबला चिंतामणीच्या देवळासमोरच्या दुकानातून पेढे घेतले. देवाला नव्हे, शेजाऱ्यांना वाटायला. मी पत्रात लिहिलं, जागेचं महिनाभरात कळेल.

त्या महिन्यात विभागात एक चर्चासत्र झालं. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. सर आपला निबंध वाचणार होते. दारात खोलीसोबती सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटत होती. माझ्या हातात कागद देताना तिने दुसरीकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसले आणि मग कागद वाचला.

वर ठळक अक्षरांत जातीचं नाव होतं. मी रेघ मारून खोडलेलं, वस्तीने नदीत सोडलेलं. त्या जातीची बोली, असं शीर्षक. खाली माहिती देणाऱ्यांची यादी. क्रमांक तीन: स्त्री, वय बावीस, याच विभागातील विद्यार्थिनी, मूळ कळंब. क्रमांक चार: स्त्री, वय सुमारे साठ, विधवा, सुईण, मुकुटबन. पुढे एकेचाळीस शब्द, अर्थासह.

मुकुटबनच्या वस्तीत सुईण एकच होती.

माझ्या पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने यादी वाचली, मागे वळून सभागृहात नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मग त्याच्या शेजाऱ्याने. विभागात बावीस वर्षांच्या, त्या बाजूच्या किती मुली असणार?

सरांचे उच्चार अचूक होते. त्यांनी ते शब्द एकेक करून स्वच्छ म्हटले. मोठ्या मायने नुसत्या ओठांनी सांगितलेला शब्द आला तेव्हा एका वृद्ध पाहुण्याने कानाला हात लावला, "पुन्हा एकदा." सरांनी पुन्हा म्हटला. दुसऱ्या कोणाला तो मजेदार वाटला. त्याने स्वतः म्हणून पाहिला. लोक हसले. तीनदा झाला तो शब्द, भर सभेत. मी कागदाची घडी घालत बसले. घडीवर घडी, ती आणखी बारीक होईना तोवर.

खोलीवर आल्यावर मी तिला विचारलं, "टाइप तू केलंस?"

"हो."

"कधी?"

"झाले आठ-दहा दिवस."

"आठ-दहा दिवस तू माझ्या शेजारी झोपतेस आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. शब्द तूच तर दिलेस ना सगळे?"

"जात कोणी घातली?"

"सरांच्या अक्षरात होतं गं. मी फक्त टाइप केलं. इतकी चिडू नकोस." ती पलंगाच्या कडेवर बसली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "आणखी एक आहे. सर सांगतीलच उद्या तुला."

"जागा?"

तिने मान हलवली. जागा तिला मिळाली होती. एकही कार्ड न केलेल्या मुलीला.

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. काय विचारायचं ते चिठ्ठीवर उतरवून नेलं होतं, नाहीतर मी रडले असते. त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दाखवली. मी उभी राहिले.

"कार्डं फक्त तुमच्यापुरती, असं ठरलं होतं."

"नाव कुठे आहे त्यात? नाव नाही."

"वय आहे, गाव आहे, जात आहे."

"ती शास्त्राची गरज आहे. बोली कोणाची हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. तुम्ही शिकलात ना हे माझ्याकडेच?"

"आणि जागा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. आवाज फार मऊ केला.

"तुमचाच विचार होता. पण हे शब्द आल्यावर अडचण झाली. माहिती देणारा आणि संशोधक एकच माणूस असू शकत नाही. हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम आहे. तुम्ही इतकं चांगलं साहित्य दिलंत की तुम्ही स्वतःच साहित्य झालात. त्याला काय करणार?"

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोकळेपणी बोलला नसतात."

हे ते सहज बोलले. मला वाटतं, त्यांना त्यात काही वाईट बोललो असं आजही वाटत नसेल. मी चिठ्ठीवरचा शेवटचा मुद्दा विचारला, कार्डं परत मिळतील का. ती विभागाची मालमत्ता आहे, असं त्यांनी सांगितलं. टेबलावर माझं खोकं उघडं होतं. वरच्या कार्डावर, तीन या आकड्याखाली, त्यांच्या सुंदर अक्षरात एक वाक्य होतं. "मले वाटलं नोतं सर असं म्हनतीन." जागेची गोष्ट पहिल्यांदा निघाली त्या गुरुवारी आनंदाने मी हे म्हटलं होतं. त्यांनी तेवढ्यात कार्ड केलं होतं.

मी पेटी भरली, यादी तपासली आणि परत आले. बाबांना सांगितलं की जागा मिळाली नाही. कारण सांगितलं नाही. मोठ्या मायला मात्र सांगणं भाग होतं. तो कागद उद्या निबंध होऊन छापला जाणार होता, आणि वणी-यवतमाळच्या कॉलेजांत आता आमची पोरं शिकत होती. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं.

ती चूल पोतारत होती. मी दारातच बोलून टाकलं.

"जागा?" तिने विचारलं.

"दुसरीला दिली."

"अन् शब्द?"

"वाचून दाखवले. सभेत. गाव सांगितलं, सुईण सांगितलं."

तिचा हात चुलीवरच राहिला.

"तुह्यासमोर वाचले?"

"हो."

"तू उठली का?"

"नाही."

"बसून राह्यली?"

"हो."

तिने पोतेरं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि उरलेली बाजू पोतारली. मग जेवायला वाढलं. सरांनी जे केलं ते मी तिला सांगत होते. तिने मला विचारलं ते मी काय केलं. याचं उत्तर मी चिठ्ठीवर उतरवून नेलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत तिने स्वतःच उभं राहून बायकांना सांगितलं. मी तिथे नव्हते, मला नंतर कळलं. कोणी तिला घागरी आणायला लावल्या नाहीत. त्या आठवड्यात मी ओट्यावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. एकजण हसत म्हणाली, "हळू बोला व, लिवनारी आली." बाकीच्या हसल्या नाहीत, आणि मोठ्या मायनेही तिला गप्प केलं नाही.

मी पांढरकवड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. काम चांगलं होतं. मुलांना मी ओठांसमोर कागदाच्या पट्ट्या धरायला लावत नसे. वर्ष गेलं आणि सरांचं पत्र आलं.

जागा रिकामी झाली होती. खोलीसोबतीचं लग्न ठरून ती सोडून गेली होती. सरांनी लिहिलं होतं की नियम मोडून ते माझा विचार करायला तयार आहेत. निबंध पुस्तकरूपाने निघणार होता. फक्त एकेचाळीसपैकी सात शब्दांच्या उच्चारांबद्दल शंका होती. क्रमांक चारकडून ते पुन्हा तपासून आणावेत. सोबत सातांची यादी.

खोटं कशाला सांगू? मी दोन दिवस आनंदात होते. पेटी काढून पुसली. शाळेत कोणाला काय सोपवायचं त्याची यादी केली. त्या यादीच्या शेवटी मुकुटबन होतं. रविवारी सकाळच्या बसने मी गेले.

मोठ्या मायने पत्र माझ्या हातात बघितलं आणि सुपारी कातरायची थांबली.

"त्याचं हाये का?"

"हो."

"काय म्हनते?"

मी पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. सातांची यादी वाचली नाही, पण यादी आहे हे सांगितलं.

"म्हंजे मी अजून थे शब्द म्हनू? अन् तू थ्याच्यासाठी आली?"

मी पत्राची घडी घातली.

"बोल न. थ्याच्यासाठीच आली न?"

"हो."

"इतके शिकले तुम्ही दोघं, अन् एका म्हातारीबिगर तुमचं आडते?" तिने अडकित्ता खाली ठेवला. "कागद हाये का तुह्यापाशी? लिव. आताच लिव माह्यासमोर. क्रमांक चार मेली."

"असं काय बोलतेस?"

"मेली म्हून लिव. तापानं मेली. बोलता बोलता मेली म्हून लिव, बरं वाटन त्याले."

मी लिहिलं. तापाने, अचानक, शब्द तपासता आले नाहीत. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि स्वतःच्या मरणाची बातमी मान डोलवत ऐकली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते मी तिच्याकडे नेलं, कारण न नेणं मला जमलं नसतं. ओट्यावर ती आणि मी दोघीच होतो.

"वाच."

मी वाचलं. सरांना दुःख झालं होतं. विभागाचं मोठं नुकसान झालं होतं. पुढे त्यांनी विचारलं होतं की त्या वस्तीत त्याच वयाची दुसरी एखादी स्त्री आहे का, शक्यतो दात शाबूत असलेली. जागा अजून रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत कळवावं.

"दात कायले?"

"उच्चार स्वच्छ यावेत म्हणून."

ती हसली. तिचे सगळे दात शाबूत होते, पान खाऊन लाल. मग हसू गेलं.

"आता काय लिवशीन?"

मी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. वस्तीत असं दुसरं कोणी नाही. मी येऊ शकत नाही. खाली सही केली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "किती ओळी हायेत?"

"दोन."

"दोनच ना? तिसरी नाई?"

"नाही."

"वाच."

मी वाचलं. चूल पेटलेली होती, भाकरी व्हायच्या होत्या. मी म्हटलं, जाताना बसच्या थांब्याजवळ टाकते.

"आता टाक. मंग जेव."

ती उठली, पदर नीट केला आणि माझ्याबरोबर टपालपेटीपर्यंत चालत आली. कार्ड आत पडलेलं तिने स्वतः पाहिलं, आणि मग परतीला लागली, माझ्या दोन पावलं पुढे.